टाकीतलं पाणी

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या विमानतळावर एक दोन आसनी विमान होतं आणि त्याचा मेकॅनिक मी. पेट्रोलमधला पाण्याचा थेंब माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी पार वळसंगपर्यंत सांगत फिरायचो.

संध्याकाळी टाकी काठोकाठ भरायची रीत होती. अर्धी ठेवली की गारव्यानं आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन साचतो आणि उडताना इंजिन बंद पाडतो. त्या हिवाळ्यात चहा कपातच गोठायचा, म्हणून संध्याकाळी बाहेर पडायचा कंटाळा करून मी आठवडाभर टाकी अर्धीच ठेवली.

सकाळी तपासायला टाकीच्या, पंखाखालच्या तोटीतून औषधाची रिकामी बाटली भरून घेतली. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि मधे रेघ दिसते. रेघ नव्हती.

"चकाचक हाय साहेब!" मी ओरडलो आणि बाटली ओतून दिली. वैमानिक साहेब धावपट्टीकडे निघाले.

माझा हात मात्र ओलाच होता. पेट्रोल केव्हाच उडून गेलं असतं. हुंगला, तर वास नाही. रेघ दिसणार कुठून? बाटलीत सगळं पाणीच होतं की!

मी असा पळालो, की चपला अजून तिथंच असतील. "थांबा की साहेब! पानी हाय!" इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय? शेवटी पुढं जाऊन धावपट्टीवर आडवाच पडलो.

विमान थांबलं. तोटी उघडली, तर मला हिप्परग्याचा तलावच वाहतोय असं वाटलं. अखेर पेट्रोलचा वास आला.

"आता चकाचक?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"मग बस शेजारी."

मी आधी पुन्हा बाटली भरली आणि हुंगली.