हँगरमधली खंडेनवमी

तेलाचा, जुन्या रबराचा आणि ऑक्टोबरच्या गारठ्याचा एक मंद वास मँचेस्टरच्या त्या हँगरमध्ये भरून राहिला होता, आणि त्यात ते शुभ्र, निमुळते कॉन्कॉर्ड विमान दोरीच्या कुंपणाआड उभे होते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने धावणारे, मावळलेला सूर्य पश्चिमेला पुन्हा उगवताना दाखवणारे हे विमान आता कुठेही जाणार नव्हते. वेगाचे सारे वैभव शेवटी असे एका जागी येऊन निवते का? लोक हळहळत होते. मला मात्र, खरे सांगते, त्याचा हेवा वाटला.

मी इथल्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. दुसऱ्यांना निजवता निजवता माझी स्वतःची झोप कधी उडाली, ते कळलेच नाही. निवृत्तीचे वय झाले. पण आणखी एक वर्ष थांबाल का, असे विभागप्रमुखांनी विचारले होते आणि आज उत्तर द्यायचे होते. इथेच जन्मलेली आमची लेक म्हणाली, “आई, one more year कर ना, घरी तू totally bore होशील.” होय म्हणायचे बळ नव्हते आणि नाही म्हणायची सवय नव्हती.

अविनाश, माझा नवरा, एके काळी याच जातीच्या विमानांची इंजिने दुरुस्त करी. खंडेनवमीला तो हमखास रजा टाकायचा. पाने-पक्कड पुसून, हळदकुंकू वाहून, दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. मीही स्टेथोस्कोप देवापुढे ठेवी आणि घटकाभराने तोच गळ्यात अडकवून ड्यूटीवर पळे. हत्याराला विसावा हवा, हे आपल्या पूर्वजांना उमगले होते. पण हत्यार धरणाऱ्याला कधी थांबायचे, हे कोण सांगणार?

आज नवमी, म्हणूनच तो मला इथे घेऊन आला होता. खिशातली हळदकुंकवाची पुडी काढून तो दोरीवरून चाकाकडे वाकला, तोच रखवालदाराने हात न लावण्याची अदबीने विनंती केली. अविनाश ओशाळला, मागे सरला. मग विमानाकडे बघत म्हणाला, “हे मोडलं म्हणून नाही गं थांबवलं. धडधाकट होतं. इथं स्वतः उडत आलं. मोडायची वाट बघितली असती, तर तुकडे करून ट्रकमधून आणावं लागलं असतं.”

किती साधी गोष्ट! आपण कोसळल्याशिवाय थांबण्याचा अधिकार मिळत नाही, असे मी जन्मभर धरून चालले होते. थकवा पुरेसा आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते. तिथेच, दोरीबाहेर आलेल्या त्या पंखाखाली उभी राहून मी विभागप्रमुखांना फोन लावला आणि नाही म्हणाले. डोळे भरून आले. दुःख होते की सुटका, कोण जाणे.

पुडी अजून अविनाशच्या हातात तशीच होती. त्याने माझे दोन्ही हात पुढे ओढले, तळव्यांवर हळदकुंकवाची बोटे टेकवली आणि म्हणाला, “आता यांना सुट्टी.”

दर रुग्णामागे धुतले जाणारे ते हात मी त्या दिवशी रात्रीपर्यंत धुतले नाहीत.