नकाशावरून डोकं फुटलं

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून आले आणि लिहायला बसले.

भेस्तान, सचिन, चलथाण या तीन भागांतल्या कामगार वस्त्यांचा मिळून आम्हाला एकच नकाशा करायचाय. त्यात काय हवं, हे लोकांना गटागटाने विचारायचं. त्या गटचर्चा कशा घ्यायच्या, एवढंच ठरवायला आज आम्ही भेस्तानच्या वस्तीत बसलो होतो.

तिथे राहणारी सुनीताताई म्हणाली, "आमची गल्ली नकाशात दाखवा. खाडीचं पाणी शिरतं तेव्हा मदतीची बोट पोचत नाही."

लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करणारे भिकनदादा उसळले, "मोजाले उनात, आन् मंग मना भाऊनं घर पाडी टाकं!" मागे पालिकेचे लोक असेच मोजायला आले आणि मग त्यांच्या भावाचं घर पाडून गेले, म्हणे.

बहिणीवर ओरडतात म्हणून सुनीताताईच्या भावाने दादांची कॉलर धरली, कानाखाली वाजवली. दादांनी खुर्ची उचलून त्याच्या डोक्यात घातली. पसरलेला नकाशा रक्ताने भिजला.

ॲम्ब्युलन्सवाला फोनवर ओरडत होता, "बेन, अहीं तो खेतर बतावे छे!" त्याच्या मोबाइलवरच्या नकाशात या वस्तीच्या जागी शेत होतं. शेवटी भिकनदादाच हायवेपर्यंत धावले आणि त्याला घेऊन आले.

सुनीताताईच्या भावाला टाके पडले. दवाखान्याच्या दारात दादा मला म्हणाले, "टाक आमनी गल्ली. पन तो नकाशा कोन देखी, ते पहिले सांग."

गटचर्चेसाठी मी ढीगभर प्रश्न काढले होते. नकाशा कोण पाहणार, हा त्यात नव्हता. तुम्ही विचारला असता?