ठराव झालाच नव्हता म्हणे

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यात, अगदी हद्दीवर. आमच्या बांधापलीकडं कर्नाटक. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, त्यामुळं आपण नक्की कुठल्या राज्याचे हा प्रश्न कधी पडायचा नाही. पडला तो पाण्यामुळं. पलीकडच्या गावात घरोघरी नळ आणि आमच्याकडं टँकर! आमची पाइपलाइन निवडणुकीबरोबर यायची आणि निवडणुकीबरोबरच जायची.

शेवटी गाव चिडलं. पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, म्हणाले. माझा धाकटा भाऊ सरपंच. त्यानंच देवळासमोर सगळ्यांना बसवलं आणि एकेकाला बेलभंडार उचलायला लावला: अख्ख्या गावाला पाणी मिळेपर्यंत मागं हटायचं नाही, एकट्यानं बोलणी करायची नाहीत. आमच्या आईनं, म्हणजे अव्वानंही उचलला. एवढी शपथ झाल्यावर ग्रामसभेच्या वहीत ठराव लिहायचं कुणाच्या डोक्यात येणार? देवापुढं बोललेलं परत लिहून घ्यायचं म्हणजे एकमेकांवर अविश्वासच की. नाही लिहिलं.

टीव्हीवाले आले, गाव गाजलं, आणि इकडं सोलापुरात माझ्या ऑफिसात टोमणे सुरू झाले. "काय मॅडम, बेंगळुरूला कधी निघालात?" एकीनं तर तोंडावर गद्दार म्हटलं. मी कसली ऐकून घेते! "तुमचं पाणी एक दिवस पुढं गेलं तर केवढं बोंबलता, आमच्या बायका रोज घागरी घेऊन उन्हात उभ्या असतात," म्हणून सुनावलं. भावाची बाजू घेऊन भांडत होते मी. मूर्ख कुठली!

एके दिवशी दुपारी तो सात रस्त्याकडं सरकारी विश्रामगृहात मंत्र्यांच्या कुठल्याशा बैठकीला आला आणि तिथून जुळे सोलापूरला माझ्या फ्लॅटवर. खांद्यावर शाल, हातात नारळ. सत्कार झाला म्हणाला. मी चहा टाकला, टीव्ही लावला, तर हाच पडद्यावर बोलतोय. "कर्नाटकात जायचा ठराव झालाच नाही. ग्रामसभेची वही तपासा. चार लोक रागात बोलले असतील."

मी गॅस बंद केला. म्हटलं, "अरे, बेलभंडार उचललास की सगळ्यांदेखत!"

"अक्का, त्याचं काय रेकॉर्ड हाय? असं अडून कुटं काम होतंय? तू हितं शॉवरखाली आंघोळ करतीस, तुला काय कळतंय?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. शाल उचलली आणि दारात फेकली. तो ती झटकून, नीट घडी घालून घेऊन गेला. रडू आलं ते त्या घडीचं.

पाइपलाइन आली. आली म्हणजे गावात शिरली आणि सरपंचांच्या अंगणात थांबली. पहिला टप्पा म्हणे. पुढचा टप्पा कधी, ते कुणी सांगत नाही. गावानं भावाला शिवी दिली नाही की त्याच्या दारावर दगड मारला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले. टँकरचा हॉर्न वाजला आणि अव्वा अंगणातल्या नळाकडं न बघता घागर घेऊन निघाली. मी मागोमाग. जन्मभर ज्या बायकांबरोबर ती पाणी भरत आली, त्यांनी तिला जागाच दिली नाही. एक नुसती म्हणाली, "काकू, तुमच्याकडं हाय की पाणी." वाईट नाही बोलली हो, अगदी हळू बोलली. बाकीच्या जणी टँकरकडं बघत राहिल्या.

अव्वा परत आली. गावातली आपली माणसं सोडून सोलापूरला यायचं नाही, म्हणून वर्षानुवर्षं माझ्याशी भांडलेली बाई. रिकामी घागर तिनं ओट्यावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "मला तुझ्याकडं घिऊन चल. हितं आता माझं कोण हाय?"