समासातली पेन्सिल

बातमी आली तेव्हा मी नगरला माळीवाडा स्टँडवर बसची वाट पाहत उभा होतो. बातमी म्हणजे मोबाईलवर आलेलं एक चित्र. खाली पेटलेली समई, मागे कुठल्याशा परदेशी वाचनालयाचा फोटो, मध्ये इब्राहिमचाचांचा आधारकार्डावरचा चेहरा आणि वर सोनेरी अक्षरांत ‘मिरजगावचा ग्रंथप्रेमी हरपला’. बस लागेपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यातले निम्मे लोक माझ्या ओळखीचे होते. चाचांच्या दुकानावरून जाताना हेच लोक म्हणायचे, “पिंजाऱ्याला पुस्तकाचं येड लागलंय.” मला रडू यायला हवं होतं. आली ती किळस... दीड महिना झाला, ती गेलेली नाही. उलट आता तिच्यात माझाही वाटा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय चाचांबद्दल एक ओळही लिहायचा मला अधिकार नाही.

इब्राहिमचाचा मिरजगावात गाद्या भरायचे. हायवेला लागून पत्र्याचं दुकान, पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे शिवायला अंथरलेली सतरंजी. मशीन बंद करून ते दाभण घेऊन टाके घालायला बसले की दोन्ही हात अडकायचे आणि पुस्तक समोर नुसतं पडून राहायचं. म्हणून त्यांनी दुकानाची एक रीत पाडली होती. गादीसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाने त्यांना दोन पानं मोठ्याने वाचून दाखवायची. “मी च्या पाजत न्हाई. दोन पानं वाचा, तवर टाके व्हत्यात.” ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकायचं, आणि वाचणारा चुकला तर कुणी हसायचं नाही, एवढाच नियम. टेम्पोवाले, बँकेतले शिपाई, लग्नाच्या गाद्या न्यायला आलेल्या बाया, सगळ्यांनी तिथे वाचलं. त्यामुळे आमच्या गावात अख्खं पुस्तक वाचलेला माणूस शोधावा लागेल, पण कुठल्या तरी पुस्तकाची मधलीच दोन पानं वाचलेली माणसं घरोघर आहेत. एका जाड कादंबरीत नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई दारापर्यंत आली आणि नेमकी दोन पानं संपली. ती वाचणाऱ्या सरूमावशी चार दिवसांनी पुन्हा हजर.

“चाचा, एक उशी द्या.”

“परवाच चार नेल्या की.”

“आवो, द्या ना... आन् ती बाई गेली का ऱ्हायली?”

चाचांनी दातात धरलेला दोरा काढला. “उशी कशाला पायजे? बसा, वाचा.”

त्यांचं स्वतःचं वाचन त्यानंतर, दुपारच्या नमाजानंतर सुरू व्हायचं. कोपरापर्यंत धुतलेले हात पुन्हा कापसात जायच्या आत ते मांडीवर स्वच्छ फडकं पसरायचे, खुणेला ठेवलेला शिवणीचा लाल दोरा बाजूला करायचे आणि सकाळी ऐकलेली तीच पानं ओळीखाली बोट धरून वाचायचे. दुसऱ्या हातात पेन्सिल. वाचणारा जिथे अडखळला होता तिथे एक टिंब आणि समासात त्याचं नाव. पुढे दोन-चार शब्द. मी त्यांना एकदा विचारलं की चुका कशाला नोंदवता. ते म्हणाले, “चुका न्हाईत रं त्या. मानूस कुठं अडखळतो, तिथंच त्याचं कायतरी असतं.” त्यांनी मला त्याच जाड कादंबरीतलं एक पान दाखवलं. तापाने फणफणलेल्या लेकराचं वर्णन होतं, मधोमध टिंब होतं, आणि समासात लिहिलं होतं, ‘सरू. इथं थांबली. विचारलं नाही.’ सरूमावशींचं पहिलं मूल तापाने गेलं होतं, हे मला घरी येऊन आईला विचारल्यावर कळलं... अशी दोन पेट्या भरून पुस्तकं होती. गावाने कुणाला न सांगितलेलं सगळं त्या समासांत होतं, आणि ज्याने लिहिलं त्याने ते तोंडाने कधी उच्चारलं नाही.

माझंही नाव त्यात होतं. माझे वडील सुप्याच्या कारखान्यात कामगारांच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. मी त्यांवरच वाचायला शिकलो, त्यांच्याच कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. दहाव्या वर्षी आईबरोबर चाचांच्या दुकानात गेलो आणि माझ्यावर दोन पानांची पाळी आली, तेव्हा मी छाती फुगवून सुरुवात केली. एका म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसाचं ते वर्णन होतं. चाचांनी हात थांबवला. “आरं, मोर्चात हायेस का दुकानात? त्यो मरायला टेकलाय, जरा हळू बोल त्याच्याशी.” आई तोंडाला पदर लावून हसली. न हसण्याचा नियम तिलाही होता, म्हणून चाचांनी तिच्याकडे डोळे वटारले. त्या पानाच्या समासात माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘आवाज पुढं पळतो, मानूस मागं ऱ्हातो.’

कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहू लागलो आणि प्रत्येक पत्रक छापण्याआधी त्यांना वाचून दाखवू लागलो. ते मला पत्रकराव म्हणायचे. एकदा मी लिहिलं होतं, ‘संपूर्ण तालुका पेटून उठला आहे.’ चाचा म्हणाले, “आज बाजार हुता. मेथी घेतली, भोपळा घेतला. पेटलेला कोन बघितला न्हाई मी. तू बघितलास?” मी चिडलो. म्हणालो, असं लिहावं लागतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, “वाजतंय झ्याक. पर खरं हाय का?” पुढे प्रत्येक पत्रकाला हाच प्रश्न. मी दर वेळी वाद घालायचो आणि दर वेळी घरी येऊन ते वाक्य काढायचो.

चाचा गेल्यावर तो प्रश्न विचारणारं कुणी राहिलं नाही, आणि मी कसा आहे ते पंधरा दिवसांत दिसलं. गावात स्मृती समिती झाली. अध्यक्ष नाना, खतांच्या दुकानाचे मालक. चाचांच्या नावाने काचेच्या कपाटातलं वाचनालय काढायचं ठरलं. उद्घाटनाचं पत्रक लिहायला नानांनी मलाच सांगितलं. मी अर्ध्या तासात लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं: ‘ज्यांनी आयुष्यभर एकाही पुस्तकाला डाग लागू दिला नाही, त्या निर्मळ वाचकाला अभिवादन.’ धादांत खोटं. मला माहीत होतं. मीच ते समास पाहिले होते. पण लिहिताना वाक्य असं सरसर आलं, असं वाजलं, की मी पेन उचललाच नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मंडप, हार, लाऊडस्पीकर. वरच्या कप्प्यांत नवीकोरी, एका मापाची पुस्तकं, अजून पॅकिंग न काढलेली. खालच्या कप्प्यात चाचांची, प्रत्येकाला प्लॅस्टिकचं कव्हर. भाषणं करणाऱ्या एकानेही त्या दुकानात दोन पानं वाचलेली नव्हती. एकाने तर चाचांचं नाव चुकवलं. कार्यक्रम संपल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला.

“तुझं पत्रक वाचलं आन् पुस्तकं उघडून बघतो तर काय, पानापानावर पेन्सिल! म्हनलं, पाव्हणे बघतील तर काय म्हनतील चाचाला? नववीची पोरं बसवली दोन दिवस. खोडरबरं वाटली. एकेक पान चकाचक केलं बघ.”

मी कपाट उघडायला लावलं. ती जाड कादंबरी काढली. तापाच्या पानावर टिंब नव्हतं, समासात नाव नव्हतं. कागद तेवढा विरला होता आणि शिवणीत रबराचा काळा चुरा अडकला होता. एका पुस्तकात पोरांनी इतकं घासलं होतं की छापलेली ओळही पुसट झाली होती. मी म्हाताऱ्याचं पान शोधलं. माझ्या नावाच्या जागी स्वच्छ पांढरा समास होता.

“काय रं, गप का?” नाना म्हणाले. “चाचाची अब्रू राखली आपन.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. शाबासकीची वाट पाहत उभे होते. त्यांच्या शर्टाचा अत्तराचा वास, हारांमधला सडका झेंडू, ओठांवर पेढ्याचा चुरा घेऊन फिरणारे ग्रंथप्रेमी... मी ओरडायला तोंड उघडलं. ओरडणं मला जमतं. पण ओरडून सांगणार काय होतो? त्यांनी माझ्या वाक्यावर विश्वास ठेवला होता. ते वाक्य खरं करायला त्यांनी पुस्तकं खोडली होती. मी मंडपामागे जाऊन ओकलो.

शमीमआपा, चाचांची मुलगी, आता दुकान चालवते. ती उद्घाटनाला आली नव्हती. चार दिवसांनी धीर करून मी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं, पत्रकातल्या वाक्यासकट. ती टाके घालत ऐकत राहिली. दाभण थांबलं नाही.

“पेट्या देनार नव्हते मी,” ती शेवटी म्हणाली. “नाना तीनदा आले, न्हाईच म्हनलं. मग म्हनले, पत्रक तू लिव्हतोयस. तवा दिल्या.”

मी उठायला लागलो तशी ती म्हणाली, “कुठं चाललास? बस.” तिने मशीनवरचं फडकं उचललं. खाली एक पुस्तक होतं, अर्ध्यात लाल दोरा. पेट्या नेताना ते दुकानातच राहिलं होतं. दोऱ्याच्या अलीकडच्या सगळ्या पानांना टिंबं होती, नावं होती, बोटाएवढ्या जागेत दाटून लिहिलेले चाचांचे शब्द होते, आणि पानांच्या बेचक्यात कापसाचे तंतू. दोऱ्याच्या पलीकडचे समास कोरे होते.

“दोन पानं,” आपा म्हणाली.

मी वाचलं. हळू वाचायचा प्रयत्न केला. दुसऱ्या पानावर एका साध्या शब्दापाशी, ‘कपाट’ या शब्दापाशी, आवाज अडकला आणि पुढे जाईना. आपाने मान वर केली नाही. काही विचारलं नाही. पानं संपल्यावर मी पुस्तकाशेजारची चाचांची पेन्सिल उचलली, टिंब दिलं आणि समासात नाव लिहायला लागलो, तेव्हा तिने सुईचा हात पुसला, माझ्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि गल्ल्यातला बॉलपेन समोर धरला.

“हितनं फुडं ह्यानं लिव्हायचं.”