तात्यांचा बेस दोनवर

परळ-लालबाग पट्ट्यात सर्वांत तयार कान ज्याचा, तो माणूस अर्धा बहिरा होता. यात अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती आली की मी सांगेनच. तात्यांनी उमेदीची वर्षं गिरणीत वायरमन म्हणून काढली आणि मागांच्या खडखडाटाने त्यांच्या कानातले सगळे बारीक आवाज पळवून नेले. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, बायकोचे म्हणजे आमच्या काकींचे टोमणे, यातलं काहीच त्यांना ऐकू यायचं नाही. टोमण्यांबद्दल चाळीत दुमत होतं.

गिरणी गेल्यावर तात्या बेंजो पार्ट्यांचे आणि ऑर्केस्ट्रांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करू लागले. ऐकायचे हाताने. स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "डावीकडचो वॉल्व्ह म्हातारो झालो." एकदा विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून त्यांनी मागच्या ट्रकवरच्या बेंजोची कुठली तार उतरलीय ते ओळखलं. (आली अतिशयोक्ती. ट्रक एकच होता.)

त्यांच्या खोलीत एक खाट, एक देव्हारा आणि एक गिटारचा अ‍ॅम्प एवढंच सामान मावत असे. अ‍ॅम्प परदेशी, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या वॉल्व्हचा, कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राने मागे टाकलेला. तिसऱ्या मजल्यावर चढवताना चार माणसं लागली आणि त्यातली दोन अजून कंबर धरून चालतात. तो चालू केला की आतले वॉल्व्ह निखाऱ्यासारखे तांबूस व्हायचे आणि तात्या चहाचा कप त्याच्या डोक्यावर ठेवायचे. तासाभराने प्या, चहा गरमच.

मी दिवसा बँकेत आणि संध्याकाळी गिटारिस्ट. माझ्याकडे त्याच अ‍ॅम्पचा डिजिटल अवतार होता: जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिच्या पडद्यावर अ‍ॅम्पचं चित्र, चित्रात तीच बटणं. आमच्या बँडची तालीम हिंदमाताला, बंड्याच्या मामाच्या साड्यांच्या गोदामात चालायची. बंड्या म्हणजे आमचा ड्रमर, मालक आणि हुकूमशहा. दादरच्या हॉलमधला पहिला कार्यक्रम आठवड्यावर आला, तेव्हा तो मला म्हणाला, "तुझी गिटार आहे की मिक्सरमध्ये अडकलेला चमचा? शनिवारपर्यंत नीट ऐकू आली नाही ना, तर अँटॉप हिलचा तो कीबोर्डवाला येतोय. तू खाली बसून टाळ्या वाजव."

पंधरा वर्षं मी त्या बँडची स्वप्नं पाहिली होती. मी पेटी उचलली आणि थेट तात्यांकडे गेलो.

त्यांनी पडद्यावरची बटणं पाहिली. गेन दहावर, बेस नऊवर, प्रेझेन्स नऊवर. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर एक्स-रे पाहून नातेवाइकांकडे बघतात.

"झिला, गेन म्हणजे आवाज नाय. गेन म्हणजे दाटपणा. आवाजासाठी मास्टर आसा. आणि बेस इतको कित्याक?"

"तात्या, गणपतीचे ढोल ऐकून वाढलो. छातीत धडधडलं पाहिजे."

"आमटीत कोकमाची सोलां कधी घालतत? आधी की मागसून?"

"मागून," काकी खाटेवरून म्हणाल्या. "आधी घातलंस तर आंबाट होऊन जाता."

तात्या म्हणाले, "ह्या अ‍ॅम्पात ट्रेबल, मिड, बेस ही बटणां गेनच्या आधी लागतत. थंयसर बेस घातलंस की तो पुढे चेचतलो आणि चिखल होतलो. बेस दोनवर ठेव. ट्रेबल सातवर. धडधड होयी तर गेनच्या मागसून ह्यो पाच सरकत्या पट्ट्या आसत, थंयसर वाढव." त्यांनी खऱ्या अ‍ॅम्पवर करून दाखवलं, मग माझ्या पेटीवर. पेटीही तशीच वागली. मला पहिल्यांदा कळलं की त्या चित्रात बटणं नुसती रंगवलेली नव्हती. कोणीतरी त्यांचा क्रमही जिवापाड जपला होता.

प्रेझेन्स, म्हणजे आवाजाची धार, मात्र तात्या कानाने लावू शकत नव्हते आणि हातालाही ती धार लागत नसे. ते बटण फिरवत आणि काकींच्या भुवयांकडे बघत. भुवया चढल्या की अर्धा आकडा मागे. मी आमच्या तालमीतला नऊचा आकडा लावला, तशा काकी ओरडल्या, "मेल्या, कानात सुया घालतंस काय!"

मग मी गोदामाचं सांगितलं. तात्या खदखदून हसले. "भिंतीक साडये, आढ्याक साडये! सगळी धार त्येंनी गिळल्यानी, म्हणान तुका नऊ लागता. ह्यो आवाज तुझो नाय, साड्यांचो."

शनिवारी दादरच्या मोकळ्या हॉलमध्ये तात्या स्वतः आले. तिसऱ्या रांगेत काकींना बसवलं, आपण स्टेजवर स्पीकरवर हात ठेवून उभे राहिले. बंड्या म्हणाला, "हे बहिरे काका साउंड लावणार?" मी एक तार छेडली. तात्या काकींकडे बघत हळूहळू प्रेझेन्स उतरवत राहिले. चारवर काकींच्या भुवया खाली आल्या आणि त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले. "झाला," तात्या म्हणाले.

त्या संध्याकाळी माझी गिटार शेवटच्या रांगेपर्यंत सुईत दोरा ओवल्यासारखी गेली. कीबोर्डवाला खाली बसून टाळ्या वाजवत होता. बंड्या विंगेत येऊन तात्यांच्या पाया पडला. तो आपल्या वडिलांच्याही पडत नाही.

यंदा तात्यांची चाळ पाडायला काढली आणि ते दोघं कणकवलीजवळच्या गावी गेले. अ‍ॅम्पही नेला, टेम्पोत चढवायला आम्ही चार जण होतो, आता मीही कंबर धरून चालतो. निघण्यापूर्वी त्यांनी माझ्या पेटीला जोडलेल्या स्पीकरवर तळवा ठेवला आणि मला वाजवायला सांगितलं. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"तोच आसा," ते म्हणाले. मग पेटीच्या डोक्यावर हात फिरवला. "पण हेच्यावर चाय गरम रवाची नाय."

दर रविवारी त्यांचा फोन येतो. बोलणं काकींच्या मार्फत चालतं. पहिला प्रश्न, "बेस किती?" मी म्हणतो, "दोन." काकी ओरडून सांगतात, "दोन म्हणता!" मागून तात्यांचं समाधानाचं हुं येतं. मग मी पेटीवर ठेवलेला कप उचलतो आणि गार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत पितो.