उड्डाणपुलावरचा घाट

चिखलदऱ्याच्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत आम्ही नवरा-बायकोने नाव दिलं, तेव्हा माझ्यापुढे पहिला प्रश्न आला: अकोल्यात घाट आणायचा कुठून? आमच्याकडे जमीन तव्यासारखी सपाट. शेवटी मी गावातला उड्डाणपूल धरला. घाटाची एकूण चढण घेतली, तिला पुलाच्या उंचीने भागलं आणि पूल किती वेळा चढला म्हणजे चिखलदरा होतो ते काढलं. भागाकार बरोबर होता. पहाटे माझ्या येरझाऱ्या पाहून दूधवाला गाडी थांबवून विचारायचा, "काय काका, काई हरपलं काय?"

चूक उताराची होती. चढून आलो की दम घ्यायला मी पलीकडे चालत उतरायचो. उतार म्हणजे आराम, असंच धरलं होतं. त्यात दिवाळीनंतर मी कामाला आहे त्या जिनिंग कारखान्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, हिशेब माझ्याकडे, आणि निम्म्या पहाटा बुडाल्या. बायकोचं उलट झालं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती माहेरी परतवाड्याला गेली, ती रोज भावाच्या मोटारसायकलवर पायथ्यापर्यंत जाऊन खऱ्या घाटात पळू लागली. फोनवर म्हणाली, "उतारावर चालू नका, पळा. मांड्या तिथंच जातात."

"उताराची कायची प्रॅक्टिस?" मी म्हटलं.

शर्यत वरून सुरू होत होती. घाट उतरायचा, चार तासांच्या आत पायथ्याशी वळायचं, तोच घाट चढून एकूण नऊ तासांच्या आत वर पोचायचं. अंधारातच निघालो. थंडी चांगली होती, पाय हलके होते, आणि मी ठरवल्यापेक्षा वेगात उतरत होतो. वाचलेली मिनिटं चढावर कामी येतील असं बायकोला सांगितलंही. ती म्हणाली, "आता बोलू नका."

अर्धा घाट उतरल्यावर उजवी मांडी थरथरायला लागली. मग डावी. प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या वर कुणी पिळून काढतंय असं वाटे. थांबलो तर पोटरीत गोळा, चाललो तर मांडीत. लोक आम्हाला मागे टाकून जाऊ लागले. बायको चार पावलं पुढे जायची आणि माझ्यासाठी उभी राहायची. तिचा श्वासही चढला नव्हता. घड्याळ माझ्याच हातात होतं. माझ्यासोबत राहिली तर तीही बाद होणार, हे मला दिसत होतं. या एका दिवसासाठी तिने दोन महिने आईचं, घरचं सांभाळून पहाट सोडली नव्हती.

"तू जाय समोर," मी म्हटलं.

"वर माहेरचं अख्खं घर उभं आहे. एकटी गेली तं म्हणतीन, जवायाले कुठं टाकून आली?"

"म्हणू दे."

"तुमी गप चाला. जोडीनं आलो, जोडीनं जाऊ."

दोनदा, तीनदा सांगून पाहिलं. ती ऐकेना. पायथ्याच्या तंबूत पोचलो तेव्हा चार तासांना आठ मिनिटं कमी होती. ती पाण्याची बाटली भरायला वळली. मी टेबलावरच्या माणसाकडे गेलो, छातीवरचा नंबर काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. नंबर दिला की माणूस शर्यतीतून बाहेर. पुन्हा आत येता येत नाही.

ती आली, माझ्या शर्टाकडे पाहिलं. तोंड लाल झालं.

"मले इचारलं काय?"

"इचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं."

"मंग?"

"मंग काही नाही. पाच तास आठ मिनिटं आहेत. एका किलोमीटरले बारा मिनिटं धर. निघ."

ती वळली आणि चढाला लागली.

शेवटचा स्पर्धक वळून तंबू आवरल्यावरच आम्हा बाद झालेल्यांची जीप निघणार होती. त्यात अडीच तास गेले. मागच्या सीटवर पाय लांब करून मी बसलो. जीप रांगत घाट चढू लागली. बऱ्याच वेळाने एका वळणावर ती दिसली. हात गुडघ्यांवर, मान खाली, पाय ओढत. वर पोचायला आठ किलोमीटर होते. मी हिशेब केला. या चालीने तिला नऊ तासांच्या वर सहा-सात मिनिटं लागत होती. आणि मला पाहिलं तर ती जीपमध्ये येऊन बसेल अशी भीती वाटली. मी सीटवरून खाली सरकलो आणि दाराआड डोकं घातलं. तेवढ्यात मांडीत असा गोळा आला की तोंडात रुमाल धरावा लागला.

ड्रायव्हरने गाडी हळू केली. "ताई, बसता काय?"

"नाही. आमचे हे आहेत काय आत?"

ड्रायव्हरने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "आहेत."

"त्यायले म्हणा, टक्कल दिसून राहिलं."

जीप पुढे निघाली.

वर शेवटच्या रेषेजवळ दोरीच्या कडेला मेहुण्याने मला खुर्ची दिली. समोरच्या मोठ्या घड्याळाकडे मी पाहत होतो. दहा मिनिटं उरली. सहा उरली. सासूबाई नव्या डोळ्याने रस्त्याकडे पाहत म्हणत होत्या, "ते निळ्या शर्टवाली तीच आहे काय?" ती नव्हती. पुढची बाईही नव्हती. मी पुन्हा पुन्हा तोच हिशेब करत होतो आणि उत्तर तेच येत होतं. वरचे शेवटचे किलोमीटर पठारावरचे, जवळजवळ सपाट आहेत, हे मी घाईत धरलंच नव्हतं.

मग ती दिसली. चालत नव्हती, पळत होती, वेणी सुटलेली, तोंड उघडं. रेषा ओलांडली आणि थेट माझ्या खुर्चीजवळ येऊन दोरी धरली.

"किती उरले?"

"तीन मिनिटं."

"तीन?" तिने दम घेतला. "मंग कायले एवढी पळाली मी!"

आणि ती रस्त्यावरच खाली बसली.