निळ्या टाक्यांचा कोट

तो गुन्हा आठवायला मला आजही कागद उघडावे लागत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण तळहातावर मावेल एवढ्या एका कोटासाठी मी जेवढा जोर लावला, तेवढा फार थोड्या प्रकरणांत लावला असेल. आणि तो लावला याचे मला पुरेपूर समाधान आहे.

सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसत होतो, तोच पुंडलिकनगरातले एक वयस्कर जोडपे ठाण्यात आले. गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांचा एकुलता मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. वर्षभरापूर्वी कामावरून परतताना अपघातात गेला. त्याला ॲक्शन फिगर जमवण्याचा नाद होता. फूटभर उंचीचे योद्धे, सैनिक, अंतराळवीर. हातपाय वळणारे आणि अंगावर खऱ्या कापडाचे कपडे. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटेल, पण जमवणाऱ्यांमध्ये या वस्तूंना मोठी मागणी असते. मुलाच्या माघारी आईवडिलांनी त्या काचेच्या कपाटात तशाच जपल्या होत्या. दोघे एका लग्नाला गावी गेले आणि परतले तेव्हा कपाट रिकामे होते. दाराचे कुलूप मात्र शाबूत.

वडील महागड्या फिगरची वर्णने हवालदाराला सांगत होते. आई मध्येच म्हणाली, "साहेब, बाकीचं राहू द्या. तेवढा कोटवाला मिळाला तर बघा."

मुलगा गेल्यावर त्याच्या आवडत्या फिगरसाठी तिने त्याच्याच फिकट निळ्या शर्टातून छोटा कोट शिवून घेतला होता. हवालदाराने पेन थांबवला. "साहेब, याची किंमत काय लावू?"

"किंमत राहू दे. वर्णन पूर्ण लिही," मी म्हणालो. कॉलर कशी, बटणे किती, कोटाच्या कडेत बारीक तार कशी घातलेली, सगळे फिर्यादीत घेतले.

शेजाऱ्यांनी लगेच बोट दाखवले ते कोट शिवणाऱ्या बाईकडे. ती औरंगपुऱ्याच्या पलीकडच्या एका गल्लीत राहत होती. घराणे रंगरेजांचे, सासरा ओढण्या आणि फेटे रंगवून म्हातारा झालेला. हिने मात्र वेगळाच धंदा काढला होता. गावोगावचे शौकीन तिला फिगरचे कपडे कुरिअरने पाठवायचे आणि ती ते हव्या त्या रंगात रंगवून, कोपरांवर पॉलिश पेपर घासून, लढाईतून आल्यासारखे जुने करून द्यायची; कुणी मागितले तर नवे शिवूनही. ती या जोडप्याच्या घरी येऊन गेली होती आणि कपाटातल्या वस्तूंचे मोल तिला ठाऊक होते. म्हणजे चौकशी करणे भागच होते. आमची जीप तिच्या गल्लीत उभी राहिली आणि गॅलऱ्या माणसांनी भरल्या.

आत स्टीलच्या पेल्यांत रंग कालवलेले होते. दोरीवर केसांच्या क्लिपा लावून बोटभर शर्ट वाळत घातले होते. झडतीत काही मिळाले नाही. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, मी चोरून काय करू? मला पाहिजे तर मी नवा बनवते ना." मला ते पटले. पण पटणे हा पुरावा नव्हे.

काही दिवसांनी ती आपणहून ठाण्यात आली. मागे सासरा, नाराज चेहऱ्याने.

"हे येऊ नको म्हणत होते," ती म्हणाली. "ठाण्याची पायरी चढली की लोक बोलतात म्हणे. मी म्हणलं, अब्बा, लोक तर बोलूच लागलेत."

तिने मोबाईल पुढे केला. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने तिला फोटो पाठवला होता. त्याला कुणीतरी काळा कोट घातलेली फिगर विकत होते आणि त्या कोटाला शोभेल अशी पँट त्याला हिच्याकडून हवी होती.

"कोट काळा हाय, पण हात माझा हाय. कापड सुती, त्यानं काळा रंग पिला. धागा पॉलिस्टरचा, त्यानं नाय पिला. टाके बघा."

मी फोटो मोठा केला. काळ्या कापडावर फिकट निळ्या टाक्यांची ओळ स्पष्ट दिसत होती.

माझा उपनिरीक्षक कानाशी म्हणाला, "सर, स्वतःला वाचवायला आली असंल." मी म्हणालो, "असेल. तू आधी विकणाऱ्याचा नंबर काढ."

नंबर निघाला तो मुलाच्या जिवलग मित्राचा. घराची चावी कुणाकडे असते, हे मी वडिलांना पहिल्याच दिवशी विचारले होते. ते "कुणाकडं नाही" म्हणाले होते. आता पुन्हा विचारले तर म्हणाले, "त्याच्याकडं आहे की. झाडांना पाणी घालतो. पण तो तर घरचाच हो, साहेब." लोक खोटे बोलत नाहीत. घरच्या माणसाला ते मोजतच नाहीत.

मित्राला दुपारी बोलावले. तिशीचा, नीटनेटका तरुण. मी चहा मागवला आणि चोरीचे नावही काढले नाही. फिगरबद्दल विचारत राहिलो. आवडीच्या विषयावर माणूस सैल होतो; हाही झाला. मग मी सहज विचारले, "त्या काळ्या कोटाचं कापड कोणतं?"

"साधं सुती, सर. कुठली तरी चिंधी होती. ओळखू येऊ नये म्हणून…"

तो थांबला. मीही थांबलो. घाई केली असती तर त्याने सावरून घेतले असते.

"ती चिंधी तुझ्या दोस्ताचा शर्ट होता," मी म्हणालो. "कोट शिवायला त्याच्या आईनं दिलेला."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "निळा? कंपनीत शेवटी शेवटी घालायचा तो?"

"तोच."

"मला खरंच माहीत नव्हतं, सर. मी म्हणलं, काका-काकूंना त्यातलं काय कळतंय, नुसतं पडून हाय. मी तो बादलीत बुडवला, सर." आणि तो ओंजळीत तोंड घालून रडला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. चालते ती आरोपीच्या निवेदनावरून झालेली जप्ती. पंचांसमक्ष त्याने आम्हाला आपल्या भाड्याच्या खोलीवर नेले आणि पलंगाखालची खोकी काढून दिली. नागपूरचे पार्सल अजून जायचे होते. पुढे नायब तहसीलदारांसमोर ओळखपरेड झाली. बरेच काळे कोट एकत्र मांडले होते. बाईने एकेकाची कॉलर उलटून पाहिली आणि बरोबर तो उचलला. फिर्यादीतले वर्णन तंतोतंत जुळले. बचावाच्या वकिलाला त्यात फट सापडली नाही. शिक्षा झाली.

मुद्देमाल परत देताना बाई त्या आईला म्हणाली, "काळा काढता येईल, काकू. पण त्याच्यासंगं खालचा निळाही जाईल."

आईने कोट उलटसुलट पाहिला. "नको काढू. काळा बी त्याला चांगला दिसायचा." मग माझ्याकडे वळून विचारले, "त्या पोराच्या आईला भेटायला गेले तर चालंल का, साहेब?" कायद्याची काही आडकाठी नाही, असे मी सांगितले. ती गेली, असे नंतर कळले.

माझे एक काम उरले होते. मी पुन्हा त्या रंगरेजांच्या गल्लीत गेलो. गणवेशात, जीप घेऊन, भर बाजाराच्या वेळेला. गॅलऱ्या पुन्हा भरल्या. बाईच्या दारात उभा राहून मी मुद्दाम मोठ्या आवाजात म्हणालो, "ताई, तुमच्यामुळे चोर सापडला. ठाण्याच्या वतीने आभार." सासऱ्याने आतून खुर्ची आणली आणि ती घरात नव्हे, बाहेर ओट्यावर मांडली. चहाही तिथेच झाला, सगळ्यांच्या देखत.

निर्दोष माणसाला सोडून दिले की आपले काम संपले, असे पुष्कळ अधिकाऱ्यांना वाटते. ते तिथे संपत नाही. त्याच्या दारी पोलीस आलेले गल्लीने पाहिलेले असतात. तो निर्दोष आहे हेही गल्लीने पोलिसांच्याच तोंडून ऐकायला हवे.